लीग टूचे वरचे दार आणि खालचे दार : २०२४-२५ च्या हंगामातील बढती व घसरण

चौथी_श्रेणी

लीग टू ही इंग्लंडच्या फुटबॉलची चौथी श्रेणी आहे. तिच्यात २४ क्लब असतात आणि प्रत्येक क्लब ४६ सामने खेळतो. ऑगस्टमध्ये सुरू झालेला हिशेब मे महिन्यात मिटतो तेव्हा पहिले तीन क्लब थेट लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, जातात, चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे चार क्लब प्ले-ऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने, खेळून बढतीची उरलेली एक जागा ठरवतात आणि तळाचे दोन क्लब नॅशनल लीगमध्ये, म्हणजे पाचव्या श्रेणीत, उतरतात. २०२४-२५ च्या हंगामात डॉन्कास्टर रोव्हर्स ८४ गुणांसह पहिले, पोर्ट व्हेल ८० गुणांसह दुसरे आणि ब्रॅडफर्ड सिटी ७८ गुणांसह तिसरे आले. चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या वॉल्सॉलचे गुण ७७ होते. प्ले-ऑफमधून वर गेलेल्या एएफसी विम्बल्डनचे साखळीतले गुण मात्र ७३ होते. कार्लाइल युनायटेड आणि मोरकम हे दोन क्लब खाली गेले.

धागा काढण्याचे कारण वॉल्सॉल हे आहे. जानेवारीत हा क्लब १२ गुणांच्या आघाडीने अव्वल स्थानी होता. स्टोक सिटीकडून लोनवर, म्हणजे हंगामापुरता उसना, आलेला नेथन लो हा तरुण आघाडीपटू सातत्याने गोल करत होता. स्टोकने त्याला जानेवारीत परत बोलावले आणि त्यानंतर वॉल्सॉलला विजय मिळेनासे झाले. तरीही शेवटच्या दिवशी त्यांनी क्रू येथे जाऊन १-० असा विजय मिळवला. ब्रॅडफर्डचा सामना बरोबरीत सुटला असता तर तो पुरेसा ठरला असता, परंतु ब्रॅडफर्डने ९६ व्या मिनिटाला गोल केला आणि थेट बढती एका गुणाने हुकली. पुढे प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत वॉल्सॉलने चेस्टरफील्डला दोन्ही लढतींत हरवले आणि २६ मे रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर विम्बल्डनकडून त्यांचा ०-१ असा पराभव झाला.

पाचव्या क्रमांकाच्या क्लबने चार गुण अधिक असलेल्या चौथ्या क्लबला एका दुपारी मागे टाकून वर जावे, हे नऊ महिन्यांच्या साखळीचा मान राखणारे आहे असे मला वाटत नाही. या पद्धतीचे समर्थन करणाऱ्यांनी आपली बाजू मांडावी.

पेनाइन_वारा

मी लीड्सला राहतो आणि ३ मे रोजी दुपारी ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानावर होतो, त्यामुळे माझे मत कोणत्या बाजूला झुकते हे वेगळे सांगायला नको. भरपाई वेळ सुरू झाला तेव्हा वॉल्सॉल पुढे असल्याचे स्टँडमधल्या प्रत्येकाला फोनवरून कळलेले होते आणि फ्लीटवुडविरुद्ध गोल होत नव्हता. अँटोनी सारचेविचचा गोल झाला त्या क्षणी सहा वर्षे लीग टूमध्ये अडकलेल्या, आणि त्याआधी १९९९ ते २००१ या काळात प्रीमियर लीग, म्हणजे सर्वोच्च श्रेणी, पाहिलेल्या, क्लबची कोंडी फुटली. अंतिम शिट्टीनंतर लोक मैदानात उतरले ते बराच वेळ बाहेर निघाले नाहीत.

आता मुद्द्याकडे येतो. वॉल्सॉलची १२ गुणांची आघाडी जानेवारीतली होती. ज्या ४६ सामन्यांचा मान राखावा असे आपण म्हणता, त्यांतल्या उत्तरार्धातल्या सामन्यांचे मोल पूर्वार्धाइतकेच आहे. वॉल्सॉलवर अन्याय झाला असे म्हणण्याआधी त्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात स्वतः किती गुण गमावले ते पाहावे लागेल.

मात्र लोनच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. या श्रेणीतल्या क्लबांना हमखास गोल करणारा खेळाडू विकत घेणे परवडत नाही. म्हणून ते वरच्या श्रेणीतल्या क्लबचा विशी-एकविशीतला मुलगा हंगामासाठी उसना घेतात. तो चांगला खेळला नाही तर पैसे आणि जागा दोन्ही वाया जातात. चांगला खेळला तर मूळ क्लबला त्याची आठवण येते आणि जानेवारीत परत बोलावण्याचे कलम वापरले जाते. स्टोकने नियमाबाहेर काहीही केले नाही. पण अर्ध्या हंगामाची यशाची इमारत दुसऱ्याच्या मालकीच्या खांबावर उभी होती, आणि तो खांब काढण्याचा हक्क मालकाला पहिल्यापासून होता, हे वॉल्सॉलच्या व्यवस्थापनाला ठाऊक असायला हवे होते.

हिशेबनीस

प्ले-ऑफचा विचार केवळ चौथ्या क्रमांकाच्या बाजूने करून चालणार नाही. सातव्या क्रमांकाच्या चेस्टरफील्डचे ७० गुण होते आणि आठव्या सॅल्फर्ड सिटीचे ६९. म्हणजे वर तिसऱ्या जागेसाठी जशी एका गुणाची झुंज होती, तशीच ती सातव्या जागेसाठीही होती. प्ले-ऑफ नसता तर या क्लबांचे मार्च-एप्रिलमधले सामने निव्वळ उरकण्यासाठी खेळले गेले असते, आणि तिकीट खिडकीवरच बहुतांश गुजराण असलेल्या क्लबांना ते सोसले नसते. १९८६-८७ मध्ये ही पद्धत आली आणि टिकली, तिच्यामागे भावनेपेक्षा हेच कारण मोठे आहे.

समोरची बाजूही सांगतो, म्हणजे चर्चा एकतर्फी होणार नाही. २०२३-२४ मध्ये क्रॉली टाउन ७० गुणांसह सातवे आले. प्ले-ऑफमध्ये त्यांनी ७८ गुण मिळवलेल्या एमके डॉन्सला दोन लढती मिळून ८-१ असे हरवले आणि अंतिम सामन्यात क्रूला २-० असे नमवून लीग वनमध्ये प्रवेश केला. पुढच्याच हंगामात ते एकविसावे आले आणि परत खाली गेले. सातव्या क्रमांकाचा क्लब वरच्या श्रेणीला पेलत नाही, असा निष्कर्ष यावरून अनेकांनी काढला. पण ज्याने त्यांना वर नेले ते प्रशिक्षक स्कॉट लिंडसे हंगाम सुरू होऊन दोन महिने होत नाहीत तोच एमके डॉन्सकडे गेले, म्हणजे ज्या क्लबला त्यांनी आठ गोलांनी लोळवले होते त्याच क्लबने त्यांना नेले. तिथून मार्चमध्ये त्यांना काढण्यात आले आणि ते क्रॉलीकडे परतले, परंतु तोपर्यंत उशीर झाला होता. वर गेलेल्या लहान क्लबची माणसे अशी उचलली जातात, आणि मग घसरणीचे खापर बढतीच्या पद्धतीवर फोडले जाते.

चौथी_श्रेणी

दोघांचेही प्रतिसाद विचार करायला लावणारे आहेत. वॉल्सॉलच्या बाबतीत मी माझा आग्रह थोडा सैल करतो, कारण चार गुणांचा फरक हा काही डोंगर नव्हे. पण एक श्रेणी खाली जाऊन पाहिले तर हाच प्रश्न फार उग्र होतो. नॅशनल लीगमध्ये थेट बढती एकाच क्लबला मिळते. या हंगामात ती १०२ गुणांसह बार्नेटला मिळाली. यॉर्क सिटी ९६ गुणांसह दुसरे आले. कोणत्याही सामान्य वर्षी हे गुण विजेतेपदाच्या जवळपास नेणारे आहेत. उपांत्य फेरीत ओल्डहॅम अॅथलेटिकने यॉर्कला त्यांच्याच मैदानावर ३-० असे हरवले आणि मग १ जून रोजी वेम्बलीवर साउथएंड युनायटेडला जादा वेळेत ३-२ असे हरवून दुसरी जागा पटकावली. ओल्डहॅमचे साखळीतले गुण होते ७३, म्हणजे यॉर्कपेक्षा २३ कमी. या २३ गुणांचे समर्थन कसे करणार?

पेनाइन_वारा

नाही करता येणार. फक्त इतके नोंदवतो की ओल्डहॅमचे पाठीराखे या प्रश्नावर फारसे अस्वस्थ नाहीत. प्रीमियर लीग खेळून पुढे पाचव्या श्रेणीपर्यंत घसरलेला तो पहिला क्लब, आणि तिथून परत आलेलाही पहिलाच.

जुनी_कात्रणे

यॉर्कसारखी गोष्ट दोन वर्षांपूर्वीही घडता घडता राहिली होती. २०२२-२३ मध्ये रेक्समने १११ गुण मिळवून नॅशनल लीग जिंकली आणि नॉट्स काउंटी १०७ गुण मिळवूनही दुसरे आले. १८६२ मध्ये स्थापन झालेला आणि १८८८ च्या पहिल्या फुटबॉल लीगचा संस्थापक सदस्य असलेला हा क्लब उपांत्य फेरीत बोरहॅम वुडविरुद्ध दोन गोलांनी मागे होता. तो सामना त्यांनी जादा वेळेत ३-२ असा जिंकला आणि अंतिम सामना चेस्टरफील्डविरुद्ध पेनल्टी शूटआउटवर जिंकला. त्या दिवशी शूटआउट उलटा गेला असता तर १०७ गुणांचे काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

मात्र आजच्या दोन जागांवर नाराज होताना हे दार पूर्वी कसे होते तेही ध्यानात घ्यावे, असे मला वाटते. १९८७ पर्यंत चौथ्या श्रेणीतून खाली जाण्याचा निर्णय गुणतालिकेवर होतच नसे. तळाचे चार क्लब फेरनिवडीसाठी अर्ज करत, बाहेरचे इच्छुक क्लब त्यांच्याविरुद्ध उभे राहत आणि लीगचे सदस्य क्लब मतदान करत. साहजिकच सदस्य एकमेकांना सांभाळून घेत आणि बहुतेक वर्षी चारही क्लब परत निवडून येत. बाहेरच्या लीगचा विजेता कितीही दमदार असला तरी त्याला ओळखीपाळखी आणि प्रचाराशिवाय प्रवेश मिळत नसे. १९७० मध्ये ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यूच्या जागी केंब्रिज युनायटेड आले. १९७२ मध्ये बॅरोला मतदानाने बाहेर काढून हेरफर्ड युनायटेडला घेतले, त्यात हेरफर्डने त्याच हंगामात एफए कप या बाद स्पर्धेत न्यूकॅसलला हरवून मिळवलेल्या कीर्तीचा वाटा मोठा होता. १९७७ मध्ये वर्किंग्टनच्या जागी जुना विम्बल्डन आला आणि १९७८ मध्ये साउथपोर्टच्या जागी विगन. बॅरोला परत यायला २०२० साल उजाडले. वर्किंग्टन आणि साउथपोर्ट अजून आलेले नाहीत.

१९८६-८७ पासून विजेत्याला थेट प्रवेश मिळू लागला. पहिला मान स्कारबरोचा होता आणि त्यांनी लिंकन सिटीची जागा घेतली. तरी अडथळे संपले नाहीत. किडरमिन्स्टर हॅरियर्स १९९४ मध्ये, मॅकल्सफील्ड टाउन १९९५ मध्ये आणि स्टीव्हनेज १९९६ मध्ये विजेते ठरले, पण त्यांची मैदाने लीगच्या निकषांत बसत नाहीत असे सांगून तिघांनाही बाहेर ठेवण्यात आले, आणि तळाच्या क्लबांना आयते जीवदान मिळाले. दुसरी जागा २००२-०३ च्या हंगामापासून खुली झाली आणि त्या पहिल्याच प्ले-ऑफमधून वर आलेला क्लब डॉन्कास्टर रोव्हर्स, म्हणजे यंदाचा लीग टू विजेता. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या बावीस वर्षांत या दाराची रुंदी तसूभरही वाढली नाही.

कर्वे_रस्ता

पुण्यात बसून खालच्या श्रेणींचा नाद लागण्याचे आमच्याकडचे कारण ब्लॅकबर्न रोव्हर्स. १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्या ओळखीच्या वेंकीजने, विकत घेतला. महिनाभरात सॅम अॅलरडाइस यांना प्रशिक्षकपदावरून दूर केले गेले आणि मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात क्लबचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडण्यात आली होती. मालकांच्या कुक्कुटपालन व्यवसायावरचा तो शेरा पुण्यातही सगळ्यांना कळला.

खरी घसरण पुढची. २०१६-१७ मध्ये चॅम्पियनशिपच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या, शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्नने ब्रेंटफर्ड येथे ३-१ असा विजय मिळवला, तरी नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला ३-० असे हरवल्यामुळे दोघांचेही ५१ गुण झाले आणि गोलफरकात दोन गोलांनी मागे पडून ब्लॅकबर्न लीग वनमध्ये उतरले. प्रीमियर लीगचा माजी विजेता तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

मालकांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती पाठीराख्यांनी वर्षानुवर्षे केलेली आहे, परंतु त्या वर्षी दोन गोष्टी योग्य झाल्या, असे मी मानतो. क्लब खाली नेणाऱ्या हंगामात शेवटच्या तीन महिन्यांसाठी आलेल्या टोनी मोब्रे यांना प्रशिक्षकपदी कायम ठेवले, आणि उत्पन्न घटूनही पैसा आखडता घेतला नाही. एप्रिल २०१८ मध्ये डॉन्कास्टर येथे चार्ली मलग्र्यूच्या गोलवर १-० असा विजय मिळवून क्लब ९६ गुणांसह, विगनच्या मागोमाग, परत चॅम्पियनशिपमध्ये गेला. खाली पडल्यावर एका वर्षात वर येता येते, फक्त खिसा आणि धीर दोन्ही लागतात.

हिशेबनीस

कर्वे रस्ता यांचा शेवटचा निष्कर्ष लीग वनपुरता खरा आहे, आणि माझ्या मते या धाग्याचा गाभा तिथेच आहे. लीग वनमधून चार क्लब लीग टूमध्ये येतात आणि चार क्लब वर जातात. चॅम्पियनशिप आणि लीग वन यांच्यात तीन खाली, तीन वर. लीग टू आणि नॅशनल लीग यांच्यात मात्र दोनच. त्याच वेळी नॅशनल लीगमधून खाली, म्हणजे उत्तर आणि दक्षिण विभागांत, चार क्लब ढकलले जातात. पाचव्या श्रेणीत उतरलेल्या क्लबसमोर वर जाण्यासाठी दोन जागा आणि आणखी घसरण्यासाठी चार जागा असतात.

याचा परिणाम परतीच्या वर्षांत दिसतो. संडरलँडसारख्या मोठ्या क्लबलाही लीग वनमध्ये २०१८ ते २०२२ अशी चार वर्षे काढावी लागली, ही तिथली वाईट कहाणी समजली जाते. पाचव्या श्रेणीत रेक्सम २००८ पासून २०२३ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, अडकून होते. स्टॉकपोर्ट काउंटी २०११ मध्ये लीग टूमधून गेले, २०१३ मध्ये सहाव्या श्रेणीत घसरले आणि २०२२ मध्ये परतले. यॉर्क २०१६ मध्ये लीग टूमधून बाहेर पडले, लगेच पुढच्या वर्षी सहाव्या श्रेणीत गेले आणि २०२५ पर्यंत परतले नाहीत. ९६ गुण मिळवूनही यॉर्क तिथेच राहिले, या गोष्टीचा संताप मला प्ले-ऑफवर काढावासा वाटत नाही. थेट बढतीच्या दोन जागा असत्या तर तो प्ले-ऑफ यॉर्कला खेळावाच लागला नसता. प्ले-ऑफ क्रूर वाटतो, कारण जागा अपुऱ्या आहेत.

चौथी_श्रेणी

मान्य. धाग्याच्या सुरुवातीला मी वॉल्सॉलसाठी जो प्रश्न विचारला होता, तो खरे तर यॉर्कसाठी विचारायला हवा होता असे आपण सुचवत आहात, आणि ते मला पटते. नॅशनल लीगचे क्लब तीन जागांची मागणी करत आहेत हे वाचले आहे. लीग टूच्या क्लबांचा विरोध कशासाठी?

पेनाइन_वारा

मागणीचे नाव 'थ्री अप'. विरोध करणारे उघडपणे आर्थिक स्थैर्याचे कारण देतात आणि त्यात तथ्य आहे. लीगबाहेर पडणाऱ्या क्लबचा दूरचित्रवाणी हक्कांतला वाटा आटतो, तरुण खेळाडूंच्या अकादमीला मिळणाऱ्या अनुदानाचा प्रश्न उभा राहतो, आणि खेळाडूंचे करार आधीच झालेले असतात. जोखीम दोनऐवजी तीन क्लबांवर आली तर विसाव्या-एकविसाव्या क्रमांकावर घुटमळणारे क्लब घाबरून ऐपतीपेक्षा जास्त खर्च करतील, असेही म्हटले जाते. परंतु मतदान करणारे तेच क्लब आहेत ज्यांची खुर्ची यात जाऊ शकते. जुनी कात्रणे यांनी सांगितलेल्या फेरनिवडीच्या काळाशी याचे साम्य लपत नाही.

पाचव्या श्रेणीतून येणारे क्लब कमी दर्जाचे असतात, हा युक्तिवाद मात्र आता कोणी करू नये. यंदाच्या लीग टूच्या पहिल्या सात क्रमांकांकडे पाहा. डॉन्कास्टर १९९८ ते २००३ पाचव्या श्रेणीत होते. विम्बल्डन तिथून २०११ मध्ये आले, नॉट्स काउंटी २०२३ मध्ये, चेस्टरफील्ड २०२४ मध्ये. सातांपैकी चार झाले, आणि प्ले-ऑफ खेळलेल्या चारांपैकी तीन. त्यापुढे जाऊन पाहिले तर स्टॉकपोर्टने नॅशनल लीग जिंकल्यावर दोन वर्षांत लीग टू जिंकली आणि रेक्समने सलग तीन बढत्या मिळवून यंदा चॅम्पियनशिप गाठली. ल्यूटन टाउन तर २००८-०९ मध्ये ३० गुणांच्या दंडासह हंगाम सुरू करून लीगबाहेर गेले होते. पाच वर्षांनी परतले आणि २०२३ मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचले. (तिथून ते सलग दोन वर्षे घसरून २०२५ मध्ये लीग वनमध्ये आले, पण ते प्रकरण स्वतंत्र धाग्याचे आहे.)

विम्बल्डनविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. २००२ मध्ये मूळ क्लब मिल्टन कीन्सला हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी नवा क्लब काढून नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली. २०२५ मध्ये त्यांचा क्लब लीग वनमध्ये गेला, तेव्हा त्या स्थलांतरातून जन्मलेला एमके डॉन्स एक श्रेणी खाली लीग टूमध्ये होता.

ईडन_काठ

सगळी चर्चा वर जाणाऱ्यांची चालली आहे, म्हणून खाली गेलेल्या कार्लाइलविषयी लिहितो. मी नोकरीनिमित्त काही काळ त्या शहरात राहिलो आहे. स्कॉटलंडच्या सीमेलगतचे हे गाव इंग्लंडच्या लीगमधल्या जवळजवळ सगळ्यांपासून दूर आहे, आणि तिथला क्लब १९७४-७५ मध्ये सर्वोच्च श्रेणीत खेळला होता. अगदी अलीकडचा क्रम पाहिला तरी चढ आणि उतार किती झपाट्याने होतात ते कळते. मे २०२३ मध्ये पॉल सिम्पसन यांच्या संघाने वेम्बलीवर स्टॉकपोर्टला पेनल्टीवर हरवून लीग वन गाठली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील पियाटक कुटुंबाने क्लब घेतला, मैदानात आणि खेळाडूंवर पैसा येऊ लागला, आणि तरीही २०२३-२४ मध्ये क्लब अवघ्या ३० गुणांसह लीग वनमध्ये तळाला राहिला. पुढचा हंगाम सुरू होताच सिम्पसन गेले. त्यानंतर आलेले माइक विल्यमसन फेब्रुवारीत गेले आणि मार्क ह्यूज आले. तीन प्रशिक्षक, जानेवारीत नव्या खेळाडूंचा लोंढा, आणि ४२ गुणांसह तेविसावा क्रमांक. पैशाच्या अभावाने बुडालेले क्लब पुष्कळ आहेत. पैसा असूनही, तो घाईघाईने खर्च केल्यामुळे बुडालेला क्लब म्हणून कार्लाइलचा अभ्यास व्हायला हरकत नाही.

या क्लबच्या पाठीराख्यांना शेवटच्या दिवसाची भाषा वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. ८ मे १९९९ रोजी ब्रंटन पार्क या घरच्या मैदानावर प्लिमथविरुद्ध १-१ अशी बरोबरी होती, भरपाई वेळ संपत आला होता आणि स्कारबरोचा सामना आधीच संपून त्यांचे खेळाडू निकालाची वाट पाहत होते. तेव्हा एकच क्लब खाली जात असे, आणि त्या क्षणी तो कार्लाइल होता. स्विंडनकडून तातडीच्या लोनवर आलेला गोलरक्षक जिमी ग्लास कॉर्नरसाठी पुढे धावत गेला आणि सुटलेल्या चेंडूवर त्याने गोल केला. कार्लाइल वाचले. स्कारबरो लीगबाहेर गेले, परत कधीच आले नाहीत आणि २००७ मध्ये दिवाळखोरीत बंद पडले. ग्लासच्या गोलची चित्रफीत दरवर्षी मे महिन्यात दाखवली जाते. स्कारबरोचे नाव तिच्यात जेमतेम ऐकू येते.

यंदा तसा चमत्कार होण्यासारखी परिस्थितीच उरली नव्हती. २०२५-२६ मध्ये कार्लाइलला नॅशनल लीगमध्ये कॉर्नवॉलच्या ट्रुरो सिटीविरुद्ध खेळावे लागणार, आणि तो एका बाजूचा प्रवास साडेचारशे मैलांच्या आसपास आहे.

मडगावकर

ऑगस्ट उलटत आला असताना धागा वर काढतो आहे, कारण चर्चेत एक बाजू आलेली नाही. बढती आणि घसरण नेहमी मैदानावरच ठरते असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. गोव्यातल्या आम्हांला यंदा वेगळा अनुभव आला. आय-लीग या भारताच्या दुसऱ्या श्रेणीत चर्चिल ब्रदर्सला एप्रिलमध्ये विजेते घोषित केले गेले आणि जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने तो मान इंटर काशीला दिला. इंग्लंडमध्ये असे निर्णय कागदावर होतात का?

जुनी_कात्रणे

होतात, आणि लीग टूच्या दारातच जास्त होतात. आर्थिक प्रशासनात, म्हणजे कर्ज फेडता न आल्याने प्रशासकाच्या ताब्यात, गेलेल्या क्लबचे १२ गुण कापले जातात, हा तर ठरलेलाच नियम आहे. त्याहून तीव्र उदाहरण बरीचे. १८९४ पासून लीगमध्ये असलेल्या आणि दोनदा एफए कप जिंकलेल्या या क्लबने २०१८-१९ मध्ये लीग टूमध्ये दुसरा क्रमांक मिळवून बढती कमावली. खेळाडूंचे पगार थकलेले असतानाची ती बढती होती. नवे मालक आर्थिक क्षमतेचा पुरावा देऊ शकले नाहीत आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी, लीग वनचा एकही सामना न खेळता, क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आले.

त्याचा धक्का पुढच्या वर्षीच्या तळालाही बसला. बरीची जागा भरायची असल्याने २०१९-२० मध्ये लीग टूमधून एकच क्लब खाली जाणार होता. कोविडमुळे हंगाम अर्धवट थांबला, प्रति सामना गुणांच्या सरासरीवर क्रम लावला तेव्हा स्टीव्हनेज शेवटचे होते. मग ऑगस्टमध्ये मॅकल्सफील्डचे आणखी चार गुण कापले गेले, ते तळाला गेले आणि स्टीव्हनेज वाचले. मॅकल्सफील्ड टाउन पुढच्याच महिन्यात न्यायालयाच्या आदेशाने बंद पडले. स्टीव्हनेजने तीन वर्षांत लीग वन गाठली आणि २०२५-२६ चा हंगाम सुरू झाला तेव्हाही ते तिथेच होते.

ईडन_काठ

आणि मोरकमचे या उन्हाळ्यात जवळपास तेच होऊ घातले होते. २००७ मध्ये वेम्बलीवर एक्सेटरला हरवून लीगमध्ये आलेला, अठरा वर्षे टिकलेला आणि मधल्या काळात दोन हंगाम लीग वनमध्येही खेळलेला हा छोटा किनारी क्लब ३६ गुणांसह शेवटचा आला. ती घसरण साधी म्हणता येईल असे पुढचे महिने गेले. पगार थकले, विक्री लांबत गेली, नॅशनल लीगने क्लबला निलंबित केले आणि हंगामाचे सुरुवातीचे सामने पुढे ढकलावे लागले. अखेर १७ ऑगस्टच्या सुमारास पंजाब वॉरियर्स या गटाने क्लब घेतला. त्यांनी अश्वीर सिंग जोहल यांना प्रशिक्षक नेमले. इंग्लंडच्या व्यावसायिक क्लबचे प्रशिक्षकपद सांभाळणारे ते पहिले शीख ठरले. हाताशी जेमतेम संघ, सरावाला काही दिवस, आणि तरी पहिल्या सामन्यात ऑल्ट्रिंचॅमला २-१ असे हरवले.

हिशेबनीस

मोरकमसाठी या वर्षीचे ध्येय वरच्या दोन जागा हे नसून खालच्या चार जागा टाळणे हेच असायला हवे. निलंबनाच्या काळात इतर क्लब खेळाडू नोंदवत होते आणि हे नव्हते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत तरी त्यांचे सामने दुसऱ्या कोणत्याही क्लबशी तुलना न करता पाहावेत. 'थ्री अप'वर मतदान झाले तर दुवा इथेच देईन.